सोमाची ओ

कोर्टात माणसाचं नाव तीनदा पुकारतात. शिपाई दाराबाहेर येतो, एका हातानं चौकट धरतो आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही तर त्याच्या नावानं वॉरंट निघतं. देवराम सांगळेला हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्याची हयात पोलीस खात्यात गेली होती आणि त्यातली निम्मी असल्याच व्हरांड्यांत, बेड्या घातलेल्या आरोपीशेजारी उभं राहून जांभया देण्यात. आता नाशिकच्या त्याच कोर्टात तो स्वतः आरोपी होता, तिघांतला तिसरा, आणि पुकाऱ्याला 'हजर' म्हणायची पाळी त्याची होती.

पहिला आरोपी फौजदार धनराज आहिरे, दुसरा शिपाई महेश आणि तिसरा हवालदार देवराम. खटला सोमा भोयेचा. सोमा पेठकडच्या डोंगरातला गडी, द्राक्षांच्या छाटणीला खाली आलेला. विहिरीवरची मोटर चोरीला गेली, मळेवाल्यानं गड्यांकडे बोट दाखवलं आणि गड्यांत सगळ्यात कमी बोलणारा म्हणून सोमाला उचललं. संध्याकाळी तो चालत ठाण्यात आला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो चादरीत बाहेर गेला.

देवराम वाईट माणूस होता का, असं कुणी विचारलं असतं तर सिन्नरमध्ये त्याच्या गल्लीतल्या कुणीही नाही म्हटलं असतं. तो स्वतःही नाहीच म्हणायचा. सोमाला मारलं धनराजनं आणि महेशनं. देवरामनं हात लावला नव्हता. तो बोळाच्या तोंडाशी बाकावर बसून होता आणि आतलं ऐकू येऊ नये म्हणून त्यानं वायरलेसचा आवाज वाढवला होता. एवढंच. या 'एवढंच'वर त्यानं पुढची काही वर्षं जेवण केलं, झोप घेतली, देवाला नमस्कारही केला. माणसाला आपल्यापुरतं समाधान करून घ्यायला फार सामान लागत नाही.

पण एवढंच नव्हतं. पहाटे तो चहा घेऊन आत गेला, सोमाला हाक मारली, गजातून काठीनं ढोसलं. सोमा गार पडला होता. देवरामनं धनराजला उठवलं. धनराजनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आठला ड्युटी बदलते ना? नव्या गार्डाला याचा चार्ज जिवंत दे."

त्या ठाण्यातली वहिवाट अशी होती की कोठड्या एका वळणाच्या बोळात आत, आणि चार्ज घेणारा बोळाच्या तोंडाशी उभा राहून एकेकाचं नाव पुकारायचा. आतून ओ आली की माणूस मोजला. आत जाऊन कोण बघणार? आत मुतारीचा वास होता आणि बल्ब गेलेला होता. कॅमेराही बंद होता, तो नेमका अशाच वेळी बंद असतो.

देवरामला नकला छान यायच्या. पोलीस स्थापना दिनाला तो साहेबांच्या नकला साहेबांच्याच समोर करायचा आणि साहेब पोट धरून हसायचे. त्या सकाळी तो कपबश्या गोळा करायच्या निमित्तानं वळणाच्या आत, सोमाच्या कोठडीसमोर उभा राहिला. बाहेरून नव्या गार्डानं पुकारलं, "सोमा भोये." आणि देवरामनं डोंगराकडची माणसं दरीपलीकडून देतात तशी, लांबवलेली, शेवटाला जराशी वर उचललेली ओ दिली.

"ओऽऽ."

इतकी हुबेहूब दिली, की त्याचं त्यालाच क्षणभर बरं वाटलं. नंतर त्याला सगळ्यात जास्त छळलं ते या बरं वाटण्यानं.

सगळा खटला त्या एका 'ओ'वर उभा राहिला. सोमा रात्रीच्या मारानं मेला, असं सरकारी वकील शुभांगीबाईंचं म्हणणं. सकाळी आठला तो धडधाकट होता, अंगावरचे वळ मळेवाल्यांनी धरलं तेव्हाचे, आणि मेला तो नंतर फेफरं येऊन, असं आरोपींचं म्हणणं. डॉक्टरांना मरणाची वेळ नेमकी सांगता आली नाही. नव्या गार्डानं शपथेवर सांगितलं, मी नाव पुकारलं, ओ आली. त्याच्यावर विश्वास नसता ठेवला कुणी, तोही पोलीसच. पण शेजारच्या कोठडीत मालेगावकडचा भिका नावाचा पाकीटमार होता, मार थांबल्यावर उशिरा रात्री आणून टाकलेला. मधली भिंत सलग, त्यामुळे त्याला दिसलं काही नव्हतं, पण कान शाबूत होते. पोलिसांचा त्याला मनस्वी राग, तरीही त्यानं जे ऐकलं तेच सांगितलं. नाव पुकारलं गेलं आणि ओ आली. आरोपींचे वकील ललित देवरे त्या दिवशी एवढे खूश झाले की त्यांनी व्हरांड्यात सगळ्यांना चहा पाजला.

मग सोमाच्या आईची साक्ष झाली. चिमणाबाई तिचं नाव. प्रत्येक तारखेला ती पेठहून पहिल्या गाडीनं यायची आणि कोर्टाच्या दारासमोर भिंतीला टेकून खाली बसायची. कुणाशी बोलायची नाही, रडायची नाही. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिचं फक्त डोकं वर दिसत होतं. देवरेंनी विचारलं, तुमचा मुलगा सकाळी जिवंत होता, त्यानं हाकेला ओ दिली, हे तुम्हाला मान्य आहे ना?

तिनं विचारलं, "हाक किती वेळा मारली?"

एकदाच, असं तिला सांगण्यात आलं.

"मंग तो माना सोमा नाय," चिमणाबाई म्हणाली. "माना सोमा पहिल्या हाकेला ओ द्यायचाच नाय. त्याला लहानपणी शिकवलेलं. परक्या मुलखात पहिल्या दोन हाका कुणीबी मारतं. तिसरी माणूसच मारतो."

कोर्टात हसण्याची सोय नसते म्हणून लोक खोकले. देवरेंनी नम्रपणे सांगितलं की असल्या समजुती पुराव्यात येत नाहीत. जज्जसाहेबांनी मान हलवली आणि बाईंना खाली उतरायला सांगितलं. आरोपींच्या पिंजऱ्यात बसलेल्या देवरामच्या मात्र पाठीवरून घामाचा एक ओघळ थेट कमरेपर्यंत गेला. नक्कल उत्तम झाली होती. फक्त ती दोन हाका आधी झाली होती.

बाहेर चहाच्या टपरीवर धनराज त्या साक्षीची टिंगल करत होता. तेवढ्यात चिमणाबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा वास होता. महेशनं तिला हात हलवून जा म्हटलं, ती गेली नाही. तिनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि भाजीचा भाव विचारावा तशा साध्या आवाजात बोलली. तिच्या पाड्यावर कुणी बाहेरगावी मेलं तर घरचं माणूस जिथं मरण आलं तिथं जातं आणि तीनदा हाक मारतं. वारा हलला, पाखरू बोललं, काही झालं तरी ती ओ धरतात, आणि मग मेलेला माणूस मागोमाग घरी येतो. ती ठाण्याच्या पायरीवर जाऊन आली होती, पुन्हा पुन्हा जाऊन आली होती. पान हललं नव्हतं.

"मेल्या माणसाची ओ एकच असते," ती म्हणाली. "ती कुणी आधीच देऊन टाकली तर तो तिथंच राहतो. तुमच्यातल्या कुणाकडं तरी माना सोमाची ओ हाय. ती मला द्या. बाकी मला काय नको."

धनराज हसला, पण हसू पुरतं आलं नाही. देवरामनं हातातला चहा न पिता टपरीवर ठेवला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात हाक सुरू झाली.

पहिल्यांदा ती भर दुपारी आली. देवराम निलंबित होता, त्यामुळे दुपारी घरी असायचा. अंगणात शेवग्याच्या सावलीत बसून तो लसूण सोलत होता. बायको सविता आत भांडी घासत होती. कुणीतरी मागून म्हणालं, "सोमा." एकदाच. ओळखीच्या माणसानं सहज म्हणावं तसं. देवरामचं तोंड उघडलं आणि ती लांबलेली ओ त्याच्या गळ्याशी येऊन थांबली. त्यानं दात आवळले. मागं कुणी नव्हतं, दुपारच्या उन्हात पसरलेल्या गोधड्या होत्या. आतून सवितानं विचारलं, कुणाशी बोलताय? तो म्हणाला, कुणाशी नाही.

दुसऱ्यांदा ती सिन्नरहून नाशिकला येणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये आली, तारखेच्या दिवशी, मागच्या बाकावरून. देवराम वळला. मागं चार मजूर बसले होते, चौघंही झोपलेले, एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टाकून. त्यातल्या एकाचे डोळे अर्धवट उघडे होते, पण तोही झोपेतच होता. देवराम उरलेला रस्ताभर मान मागं ठेवून बसला आणि उतरताना त्याची मान आखडली होती.

हाक नेहमी एकदाच यायची. कधी नळाला पाणी येण्याआधी जी हवा येते तिच्यात, कधी दळणाच्या गिरणीत पट्टा फिरायचा थांबल्यावर. प्रत्येक वेळी ओ गळ्याशी यायची आणि प्रत्येक वेळी ती गिळायला आधीपेक्षा जास्त जोर लागायचा. यातलं भयंकर काय, तर आवाजात राग नव्हता. रागाचा आवाज देवरामला माहीत होता, त्याला तो पुरून उरला असता. हा आवाज नुसता वाट बघणारा होता.

मग दुसरी गोष्ट सुरू झाली आणि ती आधी इतरांच्या लक्षात आली. देवरामला त्याचं स्वतःचं नाव ऐकू येईनासं झालं. गल्लीत सावळीराम न्हावी होता, लहानपणापासूनचा मित्र. त्यानं रस्त्यापलीकडून "देवराम" अशी हाक मारली, देवराम सरळ चालत राहिला. पुन्हा मारली, तरी चालत राहिला. तिसऱ्या हाकेला थांबला आणि म्हणाला, काय रे? सावळीरामला वाटलं, गडी खटल्याच्या टेन्शनमध्ये आहे. पुढं हे रोजचंच झालं. पहिल्या दोन हाका त्याच्यावरून निघून जायच्या. सविताला मात्र बरेच दिवस कळलं नाही. ती नवऱ्याचं नाव कशाला घेईल? ती 'अहो' म्हणायची, आणि अहो त्याला लगेच ऐकू यायचं. त्या घरात त्याला नाव नव्हतं, म्हणून तेवढं एक घर शाबूत राहिलं.

कोर्टात मात्र नावानंच पुकारतात. एका तारखेला शिपायानं "देवराम सांगळे" म्हणून पुकारलं आणि देवराम त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभा असून ढिम्म हलला नाही. दुसऱ्या पुकाऱ्यालाही नाही. शिपाई गोंधळून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. तिसऱ्या पुकाऱ्याला देवराम दचकून म्हणाला, हजर. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली चिमणाबाई तेव्हा पहिल्यांदा नीट त्याच्याकडे बघायला लागली. धनराजकडे आणि महेशकडे तिनं परत कधी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी देवरामनं सविताला सगळं सांगितलं. त्या 'ओ'सकट सांगितलं.  तिनं कपाटात इस्त्री करून टांगलेल्या त्याच्या वर्दीकडे पाहिलं. त्याच्या निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. निर्दोष सुटला असता तर शेवटचे काही आठवडे का होईना वर्दी अंगावर चढली असती, शाल-नारळ मिळालं असतं, लोक पुन्हा हवालदार म्हणाले असते. देवरामला आयुष्यात आता एवढंच हवं होतं, वर्दीत घरी येणं. वकील सांगत होते, युक्तिवाद आपल्या बाजूनं झाले आहेत, निकाल लागेपर्यंत तोंड बंद ठेवा. सविता अखेर म्हणाली, "त्र्यंबकला जाऊ. शांती करून घेऊ त्याची."

ते गेले. गुरुजी भले माणूस होते, शांतपणे विचारत होते. पूजा अपमृत्यूची का? हो. गेलेल्याचं नाव काय? देवराम म्हणाला, "सोमा." नातं काय? यावर सविताच काहीतरी बोलली. मग गुरुजींनी विचारलं, "आणि यजमानांचं नाव? संकल्पात घ्यावं लागेल."

देवराम विचार करू लागला. आपलं नाव आठवायला माणसाला विचार करावा लागतो, हे सविता पहिल्यांदाच बघत होती. मग त्याचा चेहरा मोकळा झाला, विसरलेलं सापडावं तसा, आणि तो म्हणाला, "सोमा."

गुरुजींनी वर पाहिलं. नाव दोघांचं एकच का, असं त्यांनी विचारलं, आणि सविता नवऱ्याचा हात धरून उठली. पूजा झाली नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त तिला त्या पेठच्या म्हातारीची कीव येत होती, आणि हे नवऱ्याला सांगायची तिची हिंमत होत नव्हती.

निकालाच्या दिवशी देवरामनं दोन्ही कानांत कापूस घातला. सवितानंच बोळे करून दिले. मधे देवराम महेशपाशी सगळं बोलून बसला होता आणि महेशकरवी ते धनराजला कळलेलं होतं. त्यानं कोर्टाच्या फाटकाशीच देवरामचा दंड धरला आणि सांगितलं की अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, खाली बघून उभा राहा, नाव घेतलं की महेश कोपरानं ढोसेल, तेव्हा फक्त मान हलव. देवरामनं मान हलवली. त्याला कापसामुळे अर्धंच ऐकू आलं होतं, पण अर्ध्यातही कळण्यासारखं होतं.

कोर्ट भरलं होतं. वकील, पत्रकार, खात्यातले काही ओळखीचे, जे ओळख न दाखवता बसले होते. चिमणाबाई त्या दिवशी व्हरांड्यात न बसता आत आली होती आणि मागच्या भिंतीपाशी उभी होती. दाराशी पोलिसांच्या एस्कॉर्टमध्ये भिकाही होता. दुसऱ्याच कुठल्या पाकिटाच्या केसमध्ये त्याला जेलमधून त्याच कोर्टात आणलं होतं आणि तो आपल्या पाळीची वाट बघत होता. हा निव्वळ योगायोग होता. देवरेंनी नंतर तसं खूपदा सांगितलं.

जज्जसाहेब आले. तिघं पिंजऱ्यात उभे राहिले. शिपायानं तिघांची नावं एकेक करून पुकारली, महेशनं कोपर मारलं, देवरामनं मान हलवली. झालं. जज्जसाहेबांनी समोरची पानं सारखी केली आणि कोर्ट शांत झालं. पंख्याचाही आवाज देवरामला येत नव्हता. कापसानं काम केलं होतं.

"सोमा."

कापसातून नव्हे. कापूस आणि कान यांच्या मधून. देवरामनं पिंजऱ्याचा कठडा धरला आणि ओ गिळली. एकदाच येते, त्यानं स्वतःला सांगितलं. आली, गेली. आता नाही येत.

"सोमा."

आजवर दुसरी हाक कधी आली नव्हती. देवरामनं मान वर केली. शिपाई तोंड मिटून उभा होता. जज्जसाहेबांचे ओठ हलायला लागले होते, पण ते वाचत होते. मागच्या भिंतीपाशी चिमणाबाई उभी होती. तिचं तोंड बंद होतं आणि ती हात जोडूनही उभी नव्हती. नुसती त्याच्याकडे बघत होती. पहिल्या दोन हाका कुणीबी मारतं, देवरामला आठवलं. त्याला वर्दी आठवली, कपाटात टांगलेली, सवितानं बाहीची घडी मोडू नये म्हणून आत कागद घातलेली. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. महेश त्याच्याकडे बघून पांढरा पडला.

तिसरी हाक आली. ती मात्र बाहेरून आली नाही. कुठून आली, हे देवरामला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. तो एवढंच म्हणायचा की ती माणसाचीच होती.

त्याचे हात आपोआप खाली आले.

"ओऽऽ," देवराम म्हणाला. लांबवलेली, शेवटाला जराशी वर उचललेली, दरीपलीकडून यावी तशी ओ त्या भरल्या कोर्टात घुमली आणि भिंतीवर आपटून परत आली.

जज्जसाहेब वाचायचे थांबले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "आरोपी तीन, तुम्हाला कोणी हाक मारली?"

कुणीच मारली नव्हती. शिपाई नंतर पोरांच्या शपथा घेऊन सांगत होता, आणि त्या दिवशी कोर्टात असलेला एकही माणूस हाक ऐकली असं म्हणाला नाही. ओ मात्र सगळ्यांनी ऐकली. दाराशी बेडीतला हात वर करून भिका मोठ्यानं म्हणाला, "साहेब, हाऊ तोच आवाज शे. त्या सकायना."

एस्कॉर्टच्या पोलिसानं त्याला खाली दाबलं. धनराज काहीतरी ओरडला. देवरे धावत पिंजऱ्यापाशी आले आणि देवरामचं मनगट धरून कानाशी पुटपुटले की तब्येत बरी नाही म्हणा, चक्कर आली म्हणा. शुभांगीबाई उभ्या राहिल्या होत्या आणि निकाल थांबवावा, साक्षीदाराला पुन्हा बोलवावं, अशी विनंती करत होत्या. या सगळ्या गलक्यात चिमणाबाई शांतपणे हलली. तिनं पदर सारखा केला, पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

"भेटली," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली, ते कळलं नाही. दारातून बाहेर पडताना ती जरा बाजूला सरकली, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशी. मग गेली. इतकी वर्षं एकही तारीख न चुकवलेली ती बाई निकाल ऐकायला थांबली नाही आणि पुढं कधी आलीही नाही.

देवरामनं कानातले बोळे काढले. जज्जसाहेबांनी त्याला सांगितलं की बोलायची सक्ती नाही, वकिलांचा सल्ला घ्या. त्यानं वकिलांकडे पाहिलं नाही. त्यानं सगळं सांगितलं, वायरलेसच्या आवाजापासून. सांगताना त्याला हलकं वाटत होतं आणि तो रडतही होता, आणि त्यातलं कुठलं खरं हे त्याला कळत नव्हतं.

निकाल आणखी काही महिन्यांनी लागला. भिकाची आणि नव्या गार्डाची पुन्हा साक्ष झाली. धनराजला आणि महेशला जन्मठेप झाली, देवरामला पुरावा दडवल्याबद्दल आणि त्यांना साथ दिल्याबद्दल काही वर्षांची सजा. पेपरात तिघांचे फोटो आले. पोलिसांना शिक्षा सहसा होत नाही, म्हणून बातमी मोठी होती. वर्दी सवितानं घडी करून ट्रंकेत ठेवली.

'सोमा' अशी हाक देवरामला परत कधी आली नाही. ना गजांआड, ना भेटीच्या दिवशी, ना दुपारी. आपलं नाव मात्र त्याला आता पहिल्या हाकेला लख्ख ऐकू यायचं. तुरुंगात आल्याच्या पहिल्याच सकाळी बराकीत हजेरी झाली. शिपाई दाराशी उभा राहून एकेक नाव घेत होता आणि आतून उत्तरं येत होती.

"देवराम सांगळे."

देवरामनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. घसा बसला नव्हता, काही दुखत नव्हतं, शेजारच्याशी तो आताच बोलला होता. तोंड उघडं होतं आणि आत काही नव्हतं. होती नव्हती ती ओ तो देऊन बसला होता.

"देवराम सांगळे," शिपाई वैतागून म्हणाला.

देवरामनं हात वर केला, पण पुढं कैद्यांच्या दोन रांगा होत्या, शिपायाला हात दिसला नाही. त्यानं सगळा जीव गळ्यात आणला. तिसऱ्या हाकेपर्यंत निघेल, त्याला वाटलं, तिसरीला नक्की निघेल.

तिसरी हाक व्हायच्या आत त्याच्या मागं उकिडवा बसलेला महेश कंटाळून म्हणाला, "हजर."

शिपायानं मोजलं आणि तो पुढच्या नावाकडे वळला. देवराम गर्रकन फिरला आणि त्यानं महेशचं मनगट घट्ट धरलं, आपली ओ परत मागावी तसं. महेशला वाटलं, आभार मानतोय.